गाजरपारखी

कोकणात विहिरीशेजारी पालथा पडलेला माणूस दिसला तर त्याला कुणी 'काय करताय' असं विचारत नाही. आधी श्वास चालू आहे का ते बघतात. गेल्या श्रावणात मी आमच्या गावच्या घरामागे, न्हाणीचं पाणी पाटाने पोफळींकडे जातं तिथे, ओल्या मातीत पोटावर आडवा होतो. डाव्या हातात सराफ वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग, उजव्या हातात आत्याच्या शिवणाच्या डब्यातली सुई, दातांत पेन्सिल. आमची बाग बघणारा गणू खराटा घेऊन मागून आला, थबकला आणि माझी पाठ हलते आहे याची खात्री करून घेऊन म्हणाला, "भाऊ, काय हरवलं?"

पेन्सिल दातांत तशीच ठेवून मी म्हटलं, "फूल शोधतोय."

"सोन्याचं?"

पेन्सिलीमुळे माझं 'नाही' त्याला 'हो'सारखं ऐकू गेलं असावं. पाच मिनिटांत गणूची बायको, शेजारचे दोघे आणि शाळेला दांडी मारलेला एक मुलगा पाटाच्या दोन्ही कडांना ओणवे झाले. वहिनींच्या कानातलं पडलं ही बातमी आतल्या वहिनींपर्यंत पोचली आणि आमची ही दोन्ही कान चाचपत बाहेर आली. अर्ध्या तासात आत्याची दोन वर्षांपूर्वी हरवलेली फडताळाची किल्ली सापडली आणि एक चाराण्याचं नाणं सापडलं. मला हवं असलेलं फूल मात्र त्या सगळ्यांच्या पायांखाली होतं. बाजरीच्या दाण्याएवढं, जांभळट गुलाबी, पानांच्या पसाऱ्याखाली मातीला टेकून बसलेलं. आयुष्यात एकदाही मान वर न केलेलं.

हे फूल ज्या वेलीचं आहे तिला आत्या ब्राह्मी म्हणते. गणू म्हणतो कारिवणा. वैद्य म्हणतात मंडूकपर्णी. शास्त्रज्ञ म्हणतात सेंटेला एशियाटिका, आणि ती गाजराच्या कुळातली आहे असं वर सांगतात. मला एवढंच ठरवायचं होतं, की आमच्या पाटाकडेला पसरलेली ही ती आहे का. त्याला पावणेदोन वर्षं लागली.

निवृत्त माणसापुढे दोनच मार्ग असतात. सोसायटीचा सेक्रेटरी व्हायचं किंवा निसर्गप्रेमी व्हायचं. आमच्या सोसायटीत पहिली जागा माझ्याआधी निवृत्त झालेल्या एकाने अडवून ठेवलेली असल्यामुळे मी निसर्गाकडे वळलो. पहिलं पाऊल म्हणून एका नर्सरीतून ब्राह्मीची कुंडी आणली. मातीत खोचलेल्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत 'ब्राह्मी' लिहिलेलं होतं, आणि बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा कागदावर लिहिलेल्या गोष्टीवर विश्वास असतो. गोल, चकचकीत, हिरवीगार पानं. आम्ही रोज सकाळी दोन-दोन चावून खायला लागलो. महिन्याभराने हिने मला विचारलं, "अहो, काही फरक वाटतोय का?" मी म्हटलं, "कशात?" ती म्हणाली, "म्हणजे नाही."

मग एका रविवारी बँकेतले जुने सहकारी नायर चहाला आले. पालक्काडचे. कुंडीकडे बघून त्यांनी विचारलं, "हे काय?" मी अभिमानाने ब्राह्मी म्हटलं. नायर हसले नाहीत. मल्याळी माणूस औषधी वनस्पतीच्या बाबतीत हसत नाही. पुढच्या रविवारी ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी त्यांच्याकडची ब्राह्मी आणली. बघतो तर गोल पानाचा पत्ताच नाही. बोटाच्या पेरापेक्षाही लहान, जाडसर, रसरशीत पानं, समोरासमोर जोडीने लागलेली, पळीच्या आकाराची. त्यात एकच पांढुरकं फूल. चव घेतली तर कारलं गोड म्हणावं इतकी कडू. "ही ब्राह्मी," नायर म्हणाले. "गोल पानाचं असतं त्याला आम्ही मुत्तिळ म्हणतो. पण तुमच्या कुंडीत आहे ते मुत्तिळपण नाही."

म्हणजे महिनाभर आम्ही जे खात होतो ते ब्राह्मी नव्हतं, आणि जे ब्राह्मी नव्हतं तेही नव्हतं.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या शेट्टीकाकू वर आल्या. उडुपीकडच्या. त्यांना मी कुंडी दाखवली. त्या म्हणाल्या, "छे, हे ओंदेलगा नव्हे. ओंदेलगा असतं तर मी तुम्हाला तंबुळी करून घातली असती." आणि मग ओलं खोबरं, ताक, मिरे, जिरे अशी ती तंबुळी त्यांनी तोंडीच इतकी साग्रसंगीत केली की ही पदराला हात पुसायला लागली. मागाहून माझ्या लक्षात आलं की काकूंनी एक शास्त्रीय गोष्टही सांगितली होती. ओंदेलगा म्हणजे एक पान. जमिनीतून वर आलेल्या प्रत्येक देठाला एकच पान. कानडी माणसाने झाडाचं नाव ठेवताना निदान झाडाकडे बघितलेलं होतं. आपण 'ब्राह्मी' म्हणतो तेव्हा आपण झाडाकडे बघतच नाही, आपण मुलाच्या गुणपत्रिकेकडे बघत असतो.

माझ्या लहानपणी आत्या दर मे महिन्यात ब्राह्मी-माक्याचं तेल करायची. पाटावरची पानं ओरबाडून, वाटून, खोबरेल तेलात मंद आचेवर उकळत ठेवायची आणि वर्षभर ते हिरवंकाळं तेल आमच्या टाळूवर थापायची. दहावीला मला गणितात एक्केचाळीस मार्क पडले. मी आत्याला म्हटलं, तुझ्या तेलाचा उपयोग झाला नाही. आत्या म्हणाली, "तेल नसतं तर एकवीस पडले असते." या युक्तिवादाला उत्तर नाही. सगळ्या बुद्धिवर्धक औषधांचा धंदा याच एका वाक्यावर उभा आहे.

आता प्रश्न असा पडला, की त्या तेलात नेमकी कोण होती? जुने ग्रंथ काढून बसलो. चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, म्हणून चार रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चौघांत पहिलं नाव मंडूकपर्णीचं, ब्राह्मीचं नाहीच. सुश्रुताने एकाच अध्यायात मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे दिले आहेत. म्हणजे त्या काळी त्या दोघी होत्या आणि लोकांना ते माहीत होतं. घोळ आपला. देशात कुठे गोल पानवालीला ब्राह्मी म्हणतात, कुठे जाड पानवालीला; दोघींवर लेबल एकच. महाराष्ट्रात बहुतेक घरांत गोल पानवालीच ब्राह्मी म्हणून नांदते. लग्नाच्या हॉलमध्ये पाच बायकांना 'अहो काकू' अशी हाक मारावी आणि पाचहीजणींनी वळून बघावं, तसं.

बरं, निदान मंडूकपर्णी हे नाव तरी तिचं एकटीचं असावं? अमरकोश उघडला. त्यात मंडूकपर्णी हे मंजिष्ठेच्या नावांत दिलेलं आहे. आणि त्यातल्या 'णी'ची वेलांटी काढून टाकून मंडूकपर्ण केलं, की तो टेंटू होतो. टेंटू हा चांगला उंच वृक्ष आहे, शेंगा तलवारीएवढ्या. बेडकाचं पान म्हणावं तर कुठलं पान आणि कुठला बेडूक? काहीजण म्हणतात, पान बेडकाच्या पायासारखं दिसतं म्हणून हे नाव. काही म्हणतात, बेडूक राहतो तिथे ही उगवते म्हणून. मी पाटावर दोन तास पडून होतो तेव्हा एक बेडूक आला, पानावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याने कुठल्याच पक्षाला दुजोरा दिला नाही.

लॅटिनमध्ये तरी सगळं नीट असेल असं वाटलं होतं. लिनियसने १७५३ साली तिचं नाव हायड्रोकोटाइल एशियाटिका ठेवलं. पुढे १८७९ साली उर्बान नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला तिथून उठवून सेंटेलात बसवलं. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत मात्र ती कितीतरी वर्षं लिनियसच्याच पत्त्यावर राहत होती. महाराष्ट्रात सातबारावर नाव बदलायला लागतो त्यापेक्षा हा वेळ फार नाही म्हणा. मग रेणूंचा अभ्यास करणारे आले. त्यांनी हायड्रोकोटाइल मंडळींनाच गाजराच्या कुळातून बाहेर काढून जिनसेंगच्या कुळात पाठवलं आणि सेंटेलाला मात्र गाजरांत राहू दिलं. नायरांच्या ब्राह्मीचंही घर बदललं. तिला उचलून इसबगोलाच्या कुळात नेऊन ठेवलं. ज्या वनस्पतीने स्मरणशक्ती वाढते म्हणतात तिची सख्खी नातेवाईक कशासाठी घेतात हे सांगायला नको.

गाजराचं कूळ हे प्रकरण मी हिला स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. मिसळणाचा डबा उघडला आणि म्हटलं, "जिरे गाजराचे भाऊबंद." ती म्हणाली, "बरं." "धणे, कोथिंबीर, ओवा, बडीशेप, शहाजिरे, बाळंतशेप, शेपू. सगळे त्यातलेच. हिंगसुद्धा, त्या झाडाच्या मुळाचा चीक तो." हळद, मोहरी वगैरे सोडली तर आपल्या फोडणीत एकच घराणं तडतडत असतं. याचा तिच्यावर जरा परिणाम होतोय असं दिसल्यावर मी उत्साहाच्या भरात म्हणालो, "आणि सॉक्रेटिसाला ज्याचा प्याला दिला ते हेमलॉकही याच कुळातलं." तिने डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे तुम्ही ओळखल्याशिवाय मी पाटावरचं एकही पान कुणाच्या ताटात वाढणार नाही." वनस्पतिशास्त्रात वर्गीकरणाला एवढी तातडी मी कधी अनुभवली नव्हती.

या कुळाची खूण म्हणजे छत्री. एका ठिकाणाहून काड्या फुटतात आणि प्रत्येक काडीच्या टोकाला फूल. मराठी पुस्तकांत अशा फुलोऱ्याला चामरकल्प म्हणतात, चवरीसारखा म्हणून. बी पेरून ठेवलेली कोथिंबीर फुलोऱ्यावर आली की दिसते ती. ऑगस्ट-सप्टेंबरात कासच्या पठारावर गेलात तर पिंडा नावाचं पांढरंशुभ्र छत्रीदार फूल दिसतं. तोही गाजराच्याच घरातला. त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच 'पिंडा' आहे, आपलं मराठी नाव जसंच्या तसं उचलून लॅटिनच्या पंक्तीला बसवलेलं. फुलं बघायला येणारे पर्यटक त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढतात आणि घरी येऊन 'कासची फुलं' म्हणून टाकतात. उभं राहून, मान वर करून ओळखता येतं असं गाजर. आमच्या वाट्याला सरपटणारं आलं.

दुसरी खूण फळाची. या कुळात आपण ज्याला बी म्हणतो ते खरं फळ असतं आणि ते पिकलं की उभं फुटून दोन फाकी होतात. खोटं वाटत असेल तर धणा दातांखाली धरून बघा. हॉटेलात बिलाबरोबर येणारी धनाडाळ हा या कुळाच्या वर्गीकरणाचा उत्तम नमुना आहे, आणि आपण तो बडीशेपेबरोबर चावून टाकतो. तीही त्यातलीच.

एवढं ज्ञान झाल्यावर मी खरी वनस्पती शोधायला निघालो आणि लगेच तोंडावर आपटलो.

नगरकडच्या एका मित्राच्या शेतावर, काळ्या मातीत, बांधाच्या कडेला मला ती सापडली. सरपटणारी, पेरापेराला मुळं सोडणारी, पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला कातरल्यासारखी नक्षी. पुस्तकातल्या चार खुणा चारही जुळल्या. मातीसकट उचलून पुण्याला आणली, बाल्कनीत लावली, चार महिने पाणी घातलं. फोनमधल्या ओळख पटवणाऱ्या अॅपने एका सकाळी तिला ब्राह्मी म्हटलं आणि संध्याकाळी, उजेड कमी असताना, कमळ. मी सकाळचं खरं धरलं. पाचव्या महिन्यात तिला फूल आलं. पिवळंधमक, घंटेसारखं, दोन हातांवरून दिसणारं. गाजराच्या घरात असली घंटा कुणी वाजवत नाही. ती उंदीरकानी निघाली. उंदराच्या कानासारखं पान असलेली, आणि कुळाने रताळ्याची नातेवाईक. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली म्हणतात. इथे पुंगी हातात होती आणि ती गाजराची नव्हतीच.

फोनवर आत्याला हे सांगितलं. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे आणि तिला ऐकू कमी येतं, पण हवं ते बरोबर येतं. ती एवढंच म्हणाली, "रताळ्या, इथे ये. दारात पाट आहे."

म्हणून श्रावण, पाट, भिंग आणि ओली बंडी.

जवळून बघितल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की या बाईला एक माप नाही. पोफळीच्या सावलीत, पाण्याला लागून, तिची पानं चहाच्या बशीएवढी आणि देठ वीतभर. दोन पावलांवर, जिथे दुपारी ऊन पडतं तिथे, तीच वेल, त्याच धाग्यावरची, पण पान आठाण्याएवढं आणि देठ दोन पेरांचा. मी पहिल्या दिवशी दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी धागा हळूहळू उलगडत गेलो तर दोन्ही एकाच दोरीला बांधलेल्या. एकाच घरातले दोन भाऊ, एक अमेरिकेत वाढलेला आणि एक सदाशिव पेठेत, एवढाच फरक.

धागा तांबूस. जमिनीला चिकटून पळतो, टीचभर पळाला की गाठ, गाठीखाली मुळांचा झुपका, गाठीवर दोन-तीन पानं, पुन्हा धागा. एसटी जशी दर थांब्यावर दोन माणसं उतरवत जाते तशी. पानाला कडेने बोथट दातरं. आणि बुडाशी खोल खाच. देठ त्या खाचेत येऊन जोडलेला. ही खाच मी बोटाने दहा वेळा तपासली, कारण इथेच नर्सरीच्या कुंडीचं बिंग फुटलं. आमच्या कुंडीतल्या पानाला खाच नव्हतीच. देठ पानाच्या पोटात, बरोबर मधोमध चिकटलेला, कमळाच्या पानासारखा किंवा उघडलेल्या छत्रीसारखा. ती हायड्रोकोटाइलमधली शोभेची जात होती, कुळातून बाहेर काढलेल्यांपैकी. पाहुणी म्हणून आली आणि ब्राह्मी म्हणून विकली गेली. तिचाही दोष नाही. पट्टी तिने लिहिली नव्हती.

पण पानावर विश्वास ठेवायचा नाही हे उंदीरकानीने शिकवलेलं होतं. फूल हवं. सुईने पानं बाजूला सारत गेलो. आणि एका गाठीशी, दोन पानांच्या देठांच्या बेचक्यात, आखूड दांड्यावर, ओंजळ करावी तशा दोन इवल्याशा खवल्यांत तीन फुलं दिसली. तीनच. गाजराची शंभर काड्यांची मोठी छत्री या घरात तीन फुलांवर आटोपली होती, आणि तीही एकमेकांना चिकटून. जणू मांडव घातला, वाजंत्री सांगितली आणि पत्रिका तिघांसाठीच छापल्या. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या, जांभळट गुलाबी, त्यांच्यामध्ये पाच पुंकेसर. शेजारच्या गाठीवर जुनी फुलं जाऊन फळं धरलेली. बाजूंनी चपटी, वर उभे कणे आणि कण्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा, भिंगाखाली मासेमारीच्या जाळ्यासारख्या. हायड्रोकोटाइलच्या फळावर हे जाळं नसतं. सुईचं टोक मधोमध टेकवलं. फळ उभं फुटलं. दोन फाकी.

धनाडाळ!

मी एवढ्या जोरात ओरडलो की गणूच्या बायकोला कानातलं सापडलं असं वाटलं.

या उत्साहात मला थिओडोर कुकची फार आठवण झाली. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात ज्याने लिहून काढला तो हा माणूस मूळचा इंजिनीयर. वसईच्या खाडीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल बांधायला होता, नंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे पुढच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, प्राचार्य झाला. पुलापासून फुलापर्यंत. इलाखाभरच्या वनस्पतींचं वर्णन करताना तो कितीदा असा पोटावर पडला असेल, आणि मागून खराटा घेऊन आलेल्या किती गणूंना त्याने इंग्रजीत 'नाही' म्हटलं असेल, याची नोंद ग्रंथात नाही.

इंग्रज लोक या वेलीला पेनीवर्ट म्हणतात, पान नाण्यासारखं गोल म्हणून. त्या दिवशी गणूला सापडलेलं चाराण्याचं नाणं मी एका पानावर ठेवून बघितलं. उन्हातल्या पानाशी जवळपास जुळलं. सावलीतल्या पानाला रुपयाही पुरला नसता.

दुपारी आंघोळ करून, किल्लीने उघडलेल्या फडताळातून निघालेल्या दोन वर्षांपूर्वीच्या आवळासुपारीसह, मी ओटीवर निकाल जाहीर केला. ही सेंटेला एशियाटिका, ही मंडूकपर्णी, ही गाजराच्या कुळातली, हिच्या फुलोऱ्यात तीन फुलं, हिच्या फळावर जाळी. पावणेदोन वर्षांचा अहवाल चार मिनिटांत संपला. आत्या कानाला हात लावून ऐकत होती.

"म्हणजे ब्राह्मीच ना?" ती म्हणाली.

"तशी नाही म्हणता येणार. म्हणजे आपल्याकडे म्हणतात. पण खरी ब्राह्मी..."

"मग तेलात मी काय घालत होते?"

"हीच."

"मग झालं तर."

गणू पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "कारिवणा होय? मग तसं सांगायचं ना भाऊ. मी सकाळीच दाखवला असता. तुम्ही फूल म्हणालात म्हणून आम्ही सोनं बघत होतो."

मराठीत ज्याला पारख नाही त्याला गाजरपारखी म्हणतात. मी आता अधिकृतपणे तो आहे, अगदी भिंगासकट.

पुण्याला परतल्यावर एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. मुलीच्या टेबलावर एक कोरियन क्रीमची ट्यूब होती, किंमत हजाराच्या वर. वर 'सिका' असं काहीतरी. मी सहज मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचली (आता मी सगळंच भिंगाने वाचतो) तर पहिल्या चार-पाच नावांत सेंटेला एशियाटिका. खाली मॅडेकॅसोसाइड, मादागास्करवरून आलेलं नाव. त्या बेटावरून ही वेल गोळा करून जगभर पाठवतात आणि जखमेच्या नि कातडीच्या मलमांत घालतात. मुलगी म्हणाली, "बाबा, ते खूप भारी असतं, त्वचा शांत करतं." मी तिला म्हटलं, "तुझी आजेआत्या ते न्हाणीच्या पाण्यावर वाढवते." तिने ट्यूब दोन बोटांनी उचलून लांब ठेवली.

आता एक विनंती. पाटाच्या किंवा विहिरीच्या स्वच्छ पाण्यावरची वेल सापडली तर जरूर बघा, पण गटाराच्या कडेची उचलून चटणी करू नका. ती ज्या पाण्यात उभी असते ते पाणीही तुमच्या पोटात जातं. आणि नर्सरीत कुणी ब्राह्मी म्हणून गोल पानाची कुंडी पुढे केली, तर पाकिटाला हात घालण्याआधी एक पान उलटं करा. देठ खाचेत जोडलेला असेल तर फूल येईपर्यंत थांबा. देठ पानाच्या मधोमध असेल तर कुंडी बाल्कनीत ठेवा, छान दिसते. आमच्याकडे अजून आहे.